बारा आण्यांची पिशवी आणि काशीचा एक मुक्काम

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, राज्यारोहणे आणि कायदे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. प्रवासातल्या मुक्कामांना इतिहासाच्या पुस्तकांत सहसा जागा मिळत नाही. आणि तो मुक्काम निराशेचा झाला असेल, तर खुद्द प्रवासीच तो विसरून जाण्याच्या खटपटीत असतो. याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. ७ जून १८९३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनावर बॅरिस्टर मोहनदास गांधी यांना पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असताना गाडीतून उतरवण्यात आले, आणि कडाक्याच्या थंडीत त्यांनी ती रात्र प्रवाशांच्या खोलीत कुडकुडत काढली. ही हकीकत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु पुरती नऊ वर्षे लोटण्यापूर्वी याच गृहस्थांनी आपखुशीने तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून, पाठीशी कोणीही नसता, कलकत्त्याहून राजकोटपर्यंत प्रवास केला आणि वाटेत काशीस एक दिवस मुक्काम ठोकला, ही गोष्ट तितकीशी कोणाच्या ध्यानात नसते. तो मुक्काम निराशेचा झाला. त्या निराशेत पुढल्या पुष्कळ गोष्टींचे मूळ आहे, म्हणून आज तिचा वृत्तांत आपणापुढे मांडावयाचा आहे.

आरंभी काळाचा थोडा विचार करू. १९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले. दिनशा वाच्छा अध्यक्ष होते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी गांधी तेथे गेले होते. मुंबईहून ज्या गाडीने ते गेले, तिच्यातच सर फिरोजशहा मेहता यांचा खास सलूनचा डबा होता. गांधींनी त्या डब्यात बसून एका स्टेशनापुरते बोलावे, अशी सवलत त्यांना मिळाली होती. अधिवेशनाच्या छावणीत शौचकूपांची घाण पाहून त्यांनी स्वयंसेवकांना हटकले, तेव्हा ते भंग्याचे काम असे उत्तर मिळाले. मग स्वतः झाडू मागून घेऊन त्यांनी आपल्यापुरते शौचकूप साफ केले. अधिवेशनानंतर सुमारे महिनाभर ते नामदार गोखल्यांच्या बिऱ्हाडी राहिले. गोखले त्या वेळी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाच्या कामासाठी कलकत्त्यास होते. गांधींचे वय बत्तीस वर्षांचे होते, आणि हिंदुस्थानात त्यांना ओळखणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती.

देशात कायमचे काम करावयाचे तर देशातला सामान्य माणूस कसा राहतो व कसा प्रवास करतो हे आधी पाहिले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. तिसऱ्या वर्गाने फिरण्याचा हा बेत ऐकून गोखल्यांनी प्रथम थट्टाच केली. पण त्यातला हेतू समजताच त्यांनी मनापासून संमती दिली. मग तयारी सुरू झाली. बारा आण्यांची एक कॅनव्हासची पिशवी विकत घेतली. पोरबंदर संस्थानातील छाया या गावच्या जाड लोकरीचा एक लांब कोट घेतला. त्या पिशवीत हा कोट, एक धोतर, एक पंचा आणि एक सदरा. पांघरायला एक घोंगडी आणि पाण्यासाठी तांब्या. एवढाच संसार! गोखल्यांनी स्वतः एक धातूचा डबा दिला आणि त्यात लाडू व पुऱ्या भरून दिल्या. हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करणारा हा मुत्सद्दी आपल्या तरुण पाहुण्याच्या फराळाची काळजी वाहत होता, हे चित्र मराठी माणसाने मनात जपून ठेवण्यासारखे आहे.

स्टेशनावर पोहोचवण्यास गोखले आणि रसायनशास्त्रज्ञ डॉ. प्रफुल्लचंद्र राय असे दोघेही आले. येऊ नका म्हणून विनविले होते. पण तुम्ही पहिल्या वर्गाने जाता तर मी आलो नसतो, आता मात्र आलेच पाहिजे, अशा अर्थाचे उत्तर गोखल्यांनी दिले. फलाटाच्या दारावर एक लहानसा प्रकार घडला. रेशमी पागोटे घातलेल्या गोखल्यांना कोणी अडवले नाही. साध्या बंगाली पोशाखातील डॉ. रायना मात्र तिकीट तपासनिसाने थांबवले. हे माझे स्नेही आहेत असे गोखल्यांनी सांगितले, तेव्हा त्यांना आत सोडले. माणसाची किंमत पोशाखावरून करण्याची रीत फलाटावरच दिसून आली; डब्यात पाऊल टाकण्यापूर्वीच प्रवासाचा पहिला धडा मिळाला म्हणावयाचा.

आता काशीविषयी दोन शब्द. आपल्याकडे काशीयात्रा ही एके काळी जन्माची शिदोरी समजली जाई. आगगाडीपूर्वी काशीस निघालेला माणूस घरच्यांचा निरोप असा घेई की जणू परत भेट होणारच नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीतून वाट काढीत, काशी पाहून, काही वर्षांनी गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापून प्रसिद्ध केला. पुढे १८६२ च्या सुमारास आगगाडी काशीच्या समोरच्या तीरापर्यंत आली, आणि १८८७ साली गंगेवर डफरिन पूल झाला. आज त्याला मालवीय पूल म्हणतात. जी यात्रा करण्यास महिनेच्या महिने लागत, ती चार दिवसांवर आली. यात्रेकरूंची संख्या वाढली. स्टेशने, गल्ल्या आणि देवळे यांच्या व्यवस्थेत मात्र त्या मानाने वाढ झाली नाही.

मराठी माणसाचा काशीशी आणखीही एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहल्याबाई होळकरांनी बांधले. शेजारच्या ज्ञानवापीवरील दगडी मंडप १८२८ साली बायजाबाई शिंद्यांनी उभारला. विष्णुभट गोडसे ज्या यज्ञाची वार्ता ऐकून घराबाहेर पडले, तो यज्ञ करू इच्छिणाऱ्या बायजाबाई त्या याच. म्हणजे ज्या दोन ठिकाणी गांधींची घोर निराशा व्हावयाची होती, ती दोन्ही ठिकाणे मराठी सत्तेतील दोन कर्तबगार स्त्रियांच्या भक्तीची स्मारके होत. बांधणाऱ्यांची भक्ती आणि पुढच्या पिढ्यांची राखण यांत किती अंतर पडू शकते, हे ध्यानात घेऊनच पुढील हकीकत ऐकली पाहिजे.

फेब्रुवारी १९०२ मध्ये गांधी काशीस उतरले. सकाळची वेळ होती. गाडीतून पाय खाली ठेवताच पंड्यांनी त्यांना गराडा घातला. त्यांतल्या त्यात जो स्वच्छ व बरा दिसला, त्याच्या घरी त्यांनी बिऱ्हाड केले. निवड चांगली ठरली. अंगणात गाय बांधलेली, वर एक मजला, तेथे राहण्याची सोय. सव्वा रुपयापेक्षा अधिक दक्षिणा देणे जमणार नाही, असे त्यांनी आधीच सांगून टाकले. पंड्यानेही ते कबूल केले. यजमान गरीब असो की श्रीमंत, विधी सर्वांना सारखाच, असे तो म्हणाला, आणि त्याप्रमाणे त्याने गंगास्नान व पूजा यथासांग करविली. या पंड्याची हकीकत मुद्दाम सांगावयाची ती एवढ्याचसाठी की, काशीतील प्रत्येक पंडा लुबाडणारा होता असा समज कोणी करून घेऊ नये. गांधींनीही तो करून घेतला नाही.

बारा वाजता पूजा आटोपली आणि ते विश्वनाथाच्या दर्शनास गेले. निराशा होणार याची त्यांना थोडी कल्पना होती. १८९१ साली मुंबईत प्रार्थनासमाजाच्या मंदिरात काशीयात्रेवर एक व्याख्यान त्यांनी ऐकले होते. परंतु प्रत्यक्ष अनुभव त्याहून कडू निघाला. वाट अरुंद आणि निसरडी. माश्यांचे थवे. दुकानदारांचा व यात्रेकरूंचा कलकलाट. जेथे ध्यान लागावे तेथे मिठाई आणि नव्या तऱ्हेची खेळणी विकणारा बाजार. देवळाच्या दाराशी कुजलेल्या फुलांचा ढीग. आत संगमरवरी फरशी होती, पण कोणा भक्ताने तीत रुपये बसवून तिची नासाडी केलेली, आणि त्या खाचांत मळ साचलेला. या गदारोळात काही स्त्रिया मात्र आपल्या ध्यानात अगदी बुडून गेलेल्या त्यांनी पाहिल्या. त्याचे श्रेय त्या स्त्रियांचे. देवळाच्या चालकांचे नव्हे, असा त्यांचा अभिप्राय आहे.

ज्ञानवापीशी जो प्रकार झाला तो पुष्कळांनी वाचलेला असेल. तिथलीही घाण पाहून मन विटले होते. दक्षिणा देण्याची इच्छा उरली नव्हती. म्हणून त्यांनी एक पै पुढे केली. आजच्या मुलांसाठी सांगतो, त्या काळच्या रुपयात १९२ पया असत. तिथल्या पंड्याने ती पै फेकून दिली आणि हा अपमान तुला थेट नरकात नेईल, असा शाप दिला. गांधींनी शांतपणे सांगितले की माझे काय व्हायचे ते होवो, पण तुमच्यासारख्यांच्या तोंडी ही भाषा शोभत नाही. पै हवी तर घ्या, नाही तर तीही जाईल. आणखी शिव्या ऐकून, पै उचलून ते चालू लागले, तेव्हा महाराजांनी त्यांना परत बोलावले आणि तुझे अकल्याण होऊ नये म्हणून घेतो, अशी मखलाशी करून तीच पै ठेवून घेतली. गांधींनी एक सुस्कारा टाकला आणि ते निघाले. या संभाषणाला विनोदाची झाक आहे खरी. परंतु त्या सुस्काऱ्यात विनोद नाही. श्रद्धेने आलेला माणूस देव शोधीत होता आणि त्याला तो तेथे सापडला नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

त्याच दिवशी ते श्रीमती ॲनी बेझंट यांना भेटले. काशीस उतरण्याचा एक हेतू तोच होता. बाई नुकत्याच आजारातून उठल्या होत्या. त्यांच्या प्रकृतीस त्रास नको म्हणून केवळ आदर व्यक्त करून, क्षणभरात ते परतले. ही भेट लक्षात ठेवा. चौदा वर्षांनी तिचे दुसरे टोक आपल्यापुढे येणार आहे.

येथपर्यंतची हकीकत आत्मकथेतली आहे, आणि आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’मधून क्रमाने प्रसिद्ध झाली. म्हणजे हा वृत्तांत सुमारे पाव शतकानंतरच्या आठवणीवरून लिहिलेला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वेळी त्या काळचाच एखादा कागद शोधावा. सुदैवाने तो आहे. राजकोटास पोहोचल्यावर मार्च १९०२ मध्ये गांधींनी गोखल्यांना एक पत्र धाडले. त्यात काशीच्या स्टेशनाची हकीकत आहे, जी आत्मकथेच्या त्या प्रकरणात नाही. गरीब उतारूंच्या दृष्टीने काशी हे बहुधा सर्वांत वाईट स्टेशन, असे ते लिहितात. पोलिसांचे हात ओले केल्याशिवाय तिकीट मिळणे कठीण. त्यांच्याकडेही शिपाई पुन्हा पुन्हा आले आणि पैसे दिल्यास तिकीट आणून देतो म्हणाले. पुष्कळांनी तसे केले. ज्यांनी नाकारले, त्यांना खिडकी उघडल्यावरही तासभर ताटकळावे लागले. वर शिपायांचे धक्के आणि लाथा चुकल्या तर नशीब. याउलट गंगेपलीकडच्या मुघलसराय स्टेशनावरचा तिकीट देणारा मनुष्य सज्जन निघाला; राजा आणि रंक यांत तो भेद करीत नाही असे त्याने सांगितले, हेही त्याच पत्रात नोंदले आहे.

हे दोन कागद शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते. देवळातला पंडा आणि खिडकीवरचा शिपाई हे दोघे एकाच जातीचे. एकाच्या हाती देवाचे दार, दुसऱ्याच्या हाती आगगाडीचे; आणि दोघांपुढे उभा असलेला माणूस तोच, ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही आणि ज्याच्या खांद्याला बारा आण्यांची पिशवी आहे. त्या पिशवीऐवजी गोखल्यांचे पागोटे असते तर दोन्ही दारे विनासायास उघडली असती, आणि पाहण्यासारखे काहीच दिसले नसते.

गांधींच्या विचाराचा दुसरा विशेष असा की, दोषाची वाटणी करताना त्यांनी कोणालाच मोकळे सोडले नाही. पहिल्या आणि तिसऱ्या वर्गाच्या भाड्यांत जेवढे अंतर, त्याच्या कितीतरी पट अंतर सोयींत होते, हा रेल्वेचा दोष. देवळाभोवती पवित्र आणि प्रसन्न वातावरण राखले जात नव्हते, हा चालकांचा दोष. आणि डब्यातच कचरा टाकणे, वाटेल तेथे विडी ओढणे, पानतंबाखू खाऊन साऱ्या डब्याची पिकदाणी करणे, आरडाओरडा, शिवीगाळ, हा दोष आपला, उतारूंचा. सरकारला शिव्या देऊन मोकळे होणारे पुष्कळ होते. लोकांनाच गलिच्छ ठरवून साहेबाची वाहवा मिळवणारेही होते. तिन्ही पदरी माप टाकणारा माणूस विरळा.

काशीहून आग्रा, जयपूर आणि पालनपूर असे मुक्काम करीत गांधी फेब्रुवारीच्या अखेरीस राजकोटास पोहोचले. पालनपूर सोडता सर्वत्र ते धर्मशाळेत किंवा पंड्याकडे उतरले. गाडीभाडे धरून एकंदर खर्च, त्यांच्या आठवणीप्रमाणे, एकतीस रुपयांच्या वर गेला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना दक्षिण आफ्रिकेतून बोलावणे आले आणि हा अभ्यास अर्धाच राहिला.

जानेवारी १९१५ मध्ये ते परत आले, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतले : वर्षभर देश फिरून पाहावयाचा, आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यावयाचे नाही. ज्या बेताची त्यांनी १९०२ साली थट्टा केली होती, तोच बेत आता त्यांनी शिष्याला व्रत म्हणून सांगितला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. वर्षाची मुदत संपली, आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये हिंदु विश्वविद्यालयाच्या पायाभरणीच्या समारंभासाठी गांधी काशीस आले. दरभंग्याचे महाराज अध्यक्ष. व्यासपीठावर अलंकारांनी लखलखणारे राजेमहाराजे. आणि तेथेच श्रीमती बेझंट. गांधींनी आदल्या संध्याकाळी पाहिलेल्या विश्वनाथाच्या गल्ल्यांची गोष्ट काढली. आपली देवळे स्वच्छ राखता येत नसतील तर आपले स्वराज्य कसे असेल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतील घाणीस आपणही जबाबदार आहोत, हेही त्यांनी बजावले. पुढे राजांच्या हिऱ्यामाणकांवर आणि क्रांतिकारकांविषयी ते बोलू लागले, तेव्हा बेझंटबाईंनी थांबा म्हणून सांगितले, काही राजेलोक उठून गेले आणि सभा अर्ध्यावर मोडली. १९०२ साली ज्यांना त्रास नको म्हणून गांधी क्षणात परतले, त्याच बाईंना त्यांचे शब्द आता असह्य झाले. परंतु त्या भाषणाचा मसाला बराचसा त्या जुन्या मुक्कामातच गोळा झालेला होता.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९१७ मध्ये, त्यांनी रांचीहून वर्तमानपत्रांना तिसऱ्या वर्गाच्या हालांविषयी पत्र लिहिले. मुंबई ते मद्रास तेरा रुपये नऊ आणे भाडे. बावीस माणसांचा डबा. दोन रात्रींचा प्रवास आणि अंग टाकण्यास जागा नाही. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक. पण तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्याच्या एकदशांश तरी सुख मिळते काय, असा त्यांचा सवाल होता. उपायही त्यांनी सुचविला. व्हाइसरॉय, सेनापती, राजेमहाराजे आणि कायदेमंडळाचे सभासद यांनी अधूनमधून तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा, आणि तो आगाऊ सूचना न देता करावा. श्रोतेहो, या ‘आगाऊ सूचना न देता’ या शब्दांवर माझा सारा भर आहे. सूचना देऊन जाणाऱ्यासाठी गल्ली धुतली जाते, फुलांचा ढीग हलतो, आणि शिपाई सलाम करतो.

हे रहस्य गांधींना अनुभवाने कळले होते. त्या पहिल्या दर्शनानंतर ते आणखी दोनदा विश्वनाथाला गेले, असे आत्मकथेत आहे. पण तोवर ‘महात्मा’ ही पदवी मागे लागली होती. त्यांच्याच दर्शनासाठी धावणाऱ्या लोकांनी त्यांना देवाचे दर्शन घेऊ दिले नाही. घाण आणि गोंगाट पूर्वीसारखाच होता. मात्र पै फेकून देणारा पंडा आता त्यांना भेटणे शक्य नव्हते. सामान्य माणसाला मिळणारी वागणूक पाहण्याचे एक दार कीर्तीने त्यांच्यापुरते कायमचे बंद केले. १९०२ चा तो निराशेचा दिवस म्हणूनच मोलाचा. तो पुन्हा विकत घेता येण्यासारखा नव्हता.

आज पुष्कळ पालटले आहे. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. काशीच्या मंदिराभोवतालची दाट वस्ती हटवून गंगेपर्यंत प्रशस्त मार्ग करण्यात आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो खुला झाला. खुणेची ती निसरडी गल्ली शोधू जाल तर सापडणार नाही. परंतु अनारक्षित डब्यात उभ्याने रात्र काढणारा उतारू आहे, खिडकीपाशी ताटकळणारा आहे, आणि कपडे पाहून दार उघडणारे द्वारपालही आहेत. आपण सुखवस्तू माणसे एकट्याने प्रवासाला निघतो आणि एखादा मुक्काम फसला की घरी येऊन आठ दिवस त्याची तक्रार सांगतो. तक्रार करण्यास हरकत नाही. तिच्यातला किती भाग व्यवस्थेचा, किती चालकांचा आणि किती आपला, एवढा हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडावा. आणि ज्याला असा मुक्काम हौसेखातर एकदाच नव्हे, तर गरजेखातर वारंवार करावा लागतो, त्याची त्या वेळी आठवण ठेवावी. ज्यांच्या हाती स्टेशने, देवळे, दवाखाने आणि शाळा यांचा कारभार आहे, त्यांनी तर वर्षातून एक दिवस नाव घरी ठेवून, एक साधी पिशवी खांद्याला लावून, आपल्याच दारी रांगेत उभे राहावे.